मधल्या खोलीच्या छताचा गिलावा

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
इमारत देखभाल उपविभाग क्र. ४,
यवतमाळ.

अर्जदार: सौ. प्रेरणा अनिकेत पहूरकर, वय २७ वर्षे, राहणार कळंब. सध्या मुक्काम माहेरी, घाटंजी, जि. यवतमाळ.

विषय: राहत्या घराच्या भिंती व छत यांच्या गिलाव्यास नेमके किती दिवस लागतात, याबाबत लेखी उत्तर मिळणेबाबत.

संदर्भ: १) धावजी मिस्त्री यांचे तोंडी आश्वासन, दि. १८ नोव्हेंबर २०२४ ("आठ दिवस").
२) माझे सासरे यांची नोंदवही, भाग एक ते तीन.
३) माझी मुलगी, जन्म दि. ९ जानेवारी २०२५.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविते की, कळंब येथील आमच्या राहत्या घरी गिलाव्याचे, म्हणजे बोलताना आपण ज्याला प्लास्टर म्हणतो त्याचे, काम दि. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झाले. घर एकमजली, चार खोल्यांचे आहे. आज दि. ८ ऑगस्ट २०२५ रोजी कामास दोनशे त्रेसष्ट दिवस झाले असून काम सुरू आहे. सदर घर खाजगी मालकीचे असल्याने आपल्या अखत्यारीत येत नाही, याची मला जाणीव आहे. तरी हा अर्ज आपल्याकडेच का केला, याचा खुलासा पुढे येईल. मुलगी झोपलेली असते तेवढ्यातच मला लिहिता येते. त्यामुळे खुलासे मागेपुढे झाल्यास समजून घ्यावे.

२. दि. १ डिसेंबर रोजी मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले. येताना दोन महिन्यांचे कपडे आणले होते. आमच्याकडे सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतीण सासरी जातात. निघताना सासरे म्हणाले, "कामाची काळजी करू नको, होऊन जाईल. पण काम चालू असलेल्या घरात बाळ आणायचं नाही. पूर्ण झालं की मी स्वतः घ्यायला येतो." मला ते रास्त वाटले. आजही वाटते. फक्त बाळाला आता दोन दात आले आहेत.

३. मुलीचे नाव कु. स्पृहा. तिचे वडील श्री. अनिकेत हे कळंब येथील एका पतसंस्थेत नोकरीस आहेत. दर रविवारी ते सकाळच्या एसटीने घाटंजीस येतात व चारच्या गाडीने परत जातात. त्यांना पाहून मुलगी पहिला पाऊण तास रडते. त्यानंतर त्यांच्याकडे टक लावून पाहते. मग तिला भूक लागते, मग झोप येते, आणि ती उठते तेव्हा हे चपला घालत असतात. मी गेले पाच रविवार घड्याळ समोर ठेवून पाहिले. बापलेकीच्या ओळखीचा वेळ आठवड्याला सरासरी चाळीस मिनिटे भरतो. मोबाइलवर ती त्यांना लगेच ओळखते, हात मारते. पण मोबाइलमधले वडील तळहाताएवढे असतात. समोर आलेले पूर्ण वडील तिला फार वाटतात. मागच्या रविवारी रडण्याचा वेळ पाऊण तासावरून पन्नास मिनिटांवर गेला. म्हणजे ओळख वाढायची ती उलट कमी होऊन राहिली आहे. माझी अडचण एवढीच आहे. बाकीचे परिच्छेद तिचा तपशील समजावेत.

४. आता अर्ज आपल्याकडे का, ते. माझे सासरे श्री. वामन पहूरकर हे आपल्याच उपविभागातून तेहतीस वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. आपण रुजू होण्याआधीची ती गोष्ट आहे. आपली त्यांची ओळख नसेल, पण ते आपल्याला मानतात. माणूस कोण बसला आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते, ते खुर्चीला मानतात. घरी डॉक्टरांनी, गुरुजींनी किंवा सासूबाईंनी काही सांगितले तर ते "विचाराधीन आहे" म्हणतात. आपल्या कार्यालयाने सांगितलेले मात्र त्यांनी कधी दोनदा विचारले नाही. सबब आपल्या सहीशिक्क्याचे एक पत्र असावे, त्यात चार खोल्यांच्या घरास किती दिवस पुरतात ते लिहिलेले असावे, म्हणजे मी ते त्यांना दाखवीन, असा माझा विचार होता.

५. कामाची पद्धत आपणांस मी सांगणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे होईल, पण नोंद राहावी म्हणून लिहिते. मिस्त्री धावजीभाऊ व त्यांच्या पत्नी हंसाबाई हे कळंबजवळच्या तांड्यावरून येतात. धावजीभाऊ थापी चालवतात, हंसाबाई माल कालवून घमेल्याने देतात. आधी जुना सुटलेला गिलावा काढला, मग छत केले, मग भिंती वरून खाली. छताचा माल भिंतीवर पडतो, भिंतीचा छतावर पडत नाही, म्हणून हा क्रम. त्यानंतर तराई, म्हणजे रोज पाणी मारणे. मधे हंसाबाई कापूस वेचायला गेल्या, तेव्हा दोन रविवार श्री. अनिकेत यांनी घमेले उचलले. ते घाटंजीला न आलेले तेवढेच दोन रविवार. हे सर्व धरून चारही खोल्यांचा गिलावा दि. २७ जानेवारीस झाला. सुट्या सोडल्या तर प्रत्यक्ष काम एकतीस दिवसांचे. आठाचे एकतीस होणे ही मिस्त्रीकामात फार मोठी गोष्ट नाही, असे माझे वडील म्हणतात. त्या दिवशी मुलगी अठरा दिवसांची होती. माझी तक्रार त्या दिवसापर्यंत काहीच नाही.

६. तक्रार पुढे आहे. सासऱ्यांनी तराईसाठी चौदा दिवस ठरवले व त्यानंतर तपासणी ठेवली. मधली खोली बारा फूट बाय नऊ फूट आहे. तिच्या छतावर त्यांनी खडूने एक-एक फुटाचे चौकोन आखले व त्यांना क्रमांक दिले. ते एकशे आठ भरले. सासूबाई (सौ. कुंदा पहूरकर) म्हणाल्या, "घ्या, जपमाळच झाली. रोज बसा मोजत." स्टुलावर चढून सासरे प्रत्येक चौकोन घराच्या किल्लीने ठोकतात व कान लावून ऐकतात. आवाज भरीव आला तर वहीत बरोबरची खूण होते. पोकळ आला तर तेवढा भाग धावजीभाऊंना बोलावून फोडला जातो व नव्याने केला जातो. येथवरही ठीक आहे. परंतु सासऱ्यांचा नियम असा की, एक घर म्हणजे एक काम, आणि एका कामाला पूर्णत्वाचा दिनांकही एकच. म्हणून कोठेही तळहाताएवढा गिलावा नवीन झाला, तरी चौदा दिवस सगळ्या घराचे नव्याने सुरू होतात. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे काही निघाले, की समोरच्या खोलीच्या भिंतींनाही पुन्हा पाणी. जानेवारीत वाळलेल्या भिंती जुलैत भिजवल्या गेल्या आहेत. सासऱ्यांनी आपल्या कार्यालयात फायली अशाच सांभाळल्या असतील. फाइलसाठी ही पद्धत उत्तमच आहे, पण भिंती फाइलमधून बाहेर येत नाहीत आणि माझी मुलगी आत जाऊ शकत नाही.

७. नोंदवहीवरून काढलेला तपशील खालीलप्रमाणे. प्रत्येक ओळीतली मुलीची माहिती माझी आहे.

दि. ११ फेब्रुवारी. छत, चौकोन ६१. मुलगी दिव्याकडे नजर वळवू लागली.
दि. २ मार्च. स्वयंपाकघर, पिठाच्या डब्यामागे. मुलगी पहिल्यांदा हसली. पंख्याकडे पाहून हसली, पण मी पंख्याखालीच होते.
दि. २६ मार्च. छत, चौकोन १७ व १८. (होळीमुळे धावजीभाऊ तांड्यावर होते. परत आल्यावर फोडले.) माझा आवाज ऐकून मान वळवली.
दि. २१ एप्रिल. समोरची खोली, खिडकीखाली. पालथी पडली. परत उताणे होता येईना म्हणून फार रागावली.
दि. १९ मे. छत, चौकोन ९०. स्वतःचे पाय सापडले.
दि. १५ जून. छत, चौकोन ६१, पुन्हा. उशीला टेकून बसली.
दि. ११ जुलै. न्हाणीच्या दाराची कड. पहिला दात.

दोन्ही बाजूंना आपापल्या परीने प्रगती आहे, हे मला मान्य आहे. हंसाबाई फोनवर म्हणाल्या, "बाई, लेकरू नऊ महिन्यात होते, हे छत काहून होऊन नाही राह्यलं?" हिशेब केला तर त्यांचे बरोबर आहे. साधारण तेवढ्याच दिवसांत मी एक मुलगी घडवली, नखांसकट, आणि तिला कोणी किल्लीने ठोकून पाहिले नाही.

८. मी प्रयत्न केला नाही असे नाही. दि. ५ मे रोजी, सोमवारी, श्री. अनिकेत पतसंस्थेत असताना, मी मुलीला घेऊन न कळवता कळंबला गेले. सासऱ्यांनी मला अडवले नाही, हे मी स्पष्ट नमूद करते. उलट त्यांना इतका आनंद झाला की चष्मा काढून पुसावा लागला. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलीला घेऊन मी मधल्या खोलीत गेले, तोच सासऱ्यांनी खुंटीवरची छत्री काढली व ती उघडून मुलीच्या डोक्यावर धरली. मी खाली बसले तर ते वाकून उभे राहिले. मी पलीकडे सरकले तर छत्रीही सरकली. जेवणाची पाने मांडली, सगळ्यांची जेवणे झाली, हे छत्री धरून उभेच. हंसाबाई तराईला आल्या होत्या, त्या दारातून म्हणाल्या, "काकाजी, पोरीले काय छत्रीतच वाढोता?" सासऱ्यांनी छत्री आणखी खाली, मुलीच्या डोक्याजवळ घेतली. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने सव्वा तास हात वर धरणे सोपे नाही. शेवटी सासूबाईच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ने बाई तिला परत. नाहीतर हे असेच उभे राहतील, आणि मग मला पोरीचं नि ह्यांचं, दोघांचं करावं लागेल." मी चारच्या आत निघाले. मुलीला छत्री फार आवडली. घरी आल्यावर दोन दिवस ती वर पाहून शोधत होती.

९. धावजीभाऊंचेही म्हणणे घेतले आहे, एकतर्फी तक्रार नको म्हणून. कळंबच्या घरातून, सगळ्यांसमोर, फोनच्या स्पीकरवर त्यांचे म्हणणे असे, "ताई, जुन्या स्लॅबले नवा माल धरला म्हंजे एखाद्या जागी आवाज येतेच. आवाज आला म्हंजे पडलं, असं नसते. म्या काकाजीले सांगतलं, पिलास्टर कानानं नाई पाहत, डोयानं पाहतात. आता तं ठोकून ठोकून त्याईचंच टक्कल पोलं वाजन." यावर सासूबाई म्हणाल्या, "ऐकून घ्या. मिस्त्री खरं बोलून राहिला." सासऱ्यांनी दोन्ही शेरे वहीत लिहून घेतले व खाली "पाहिले" अशी सही केली. धावजीभाऊ तरीही बोलावले की येतात. मी एकदा विचारले की, भाऊ, तुम्ही काहून येता, नाही म्हणा ना. ते म्हणाले, "काकाजी बोलावते तवा त्याईचं तोंड पाहा तुमी. नाई म्हणून होत नाई."

१०. दि. ११ जुलैनंतर कोठेही काही निघालेले नाही. चौदा दिवस दि. २५ जुलैस पूर्ण झाले. मी पिशवी भरली. सासरे घ्यायला आले नाहीत. फोनवर विचारले असता "चालू आहे" एवढेच उत्तर मिळते. गिलावा झाला, तराई झाली, तपासणी झाली, तरी काय चालू आहे, हे मला आज अर्ज लिहीपर्यंत कळलेले नाही. लहान मुलांचा तान्हा पोळा जवळ आला आहे. मुलीसाठी लाकडी बैल येऊन पडला आहे, त्याला चाके आहेत. तरी आपल्या पत्राने

(येथे मुलगी जागी झाली. पुढील मजकूर दि. ११ ऑगस्ट रोजी लिहिला आहे. मधल्या काळात परिस्थिती बदलल्याने वरील वाक्य अपूर्णच ठेवले आहे.)

११. काल रविवारी श्री. अनिकेत आले. मुलगी रडत असताना मी त्यांना विचारले की घरी नक्की काय चालू आहे. आधी त्यांनी टाळले. मग मोबाइलमध्ये एक फोटो दाखवला. फोटो मधल्या खोलीच्या छताचा आहे, गिलावा कसा सुरेख बसला आहे ते दाखवायला दारातून काढलेला. खालच्या कडेला दोन पाय आले आहेत. ते सासऱ्यांचे आहेत. दि. २६ जुलैपासून सासरे मधल्या खोलीत चटई टाकून छताखाली उताणे झोपतात. झोपतात म्हणजे झोप घेत नाहीत, डोळे उघडे ठेवून वर पाहत राहतात. वेळ सकाळी साडेदहा ते सायंकाळी पावणेसहा. दीड ते दोन जेवणाची सुटी. शनिवार-रविवारीसुद्धा. वहीच्या भाग तीनमध्ये त्याची रोजची नोंद आहे: "आज काही पडले नाही." सासूबाईंनी लाजेखातर मला सांगितले नव्हते. कोणी भेटायला आले तर त्या दार लोटून घेतात व "पाठीचं दुखणं आहे" म्हणतात. श्री. अनिकेत यांनी विचारले, "बाबा, असं किती दिवस?" सासरे म्हणाले, "तिला घरी आणायचं तर खात्री नको? माझ्यावर पडलं तर पडलं." चटई कोठे टाकली आहे हेही मी विचारले. छतातल्या, पाळणा टांगायच्या कडीच्या बरोबर खाली.

१२. मी लगेच सासऱ्यांना फोन लावला. फोटोचा विषय काढला नाही. म्हटले, "बाबा, मी तुमच्याच कार्यालयाला अर्ज करून राहिले आहे. साहेबांचा दाखला आला की काम पूर्ण झालं असं मानाल ना?" मला वाटले, ते खूश होतील. त्यांनी आधी अर्जाचा विषय विचारून घेतला. मग म्हणाले, "प्रेरणा, दाखल्याचं तू मला सांगतेस? 'सदर काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे.' तेहतीस वर्षं हे वाक्य मी टाईप केलं. त्यातली एक भिंत मी पाहिलेली नाही. पाहायची नसतेच, टाईप करणाऱ्याचं ते काम नाही. पण आता हे घर माझं आहे, नात माझी आहे. कागद वर धरून छत थांबते का?" साहेब, हे ऐकून परिच्छेद ४ मधील माझी मागणी मी मागे घेत आहे. आपण पत्र पाठवले असते तर ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतले असते, फाइलला लावले असते, आणि पुन्हा चटईवर जाऊन पडले असते.

१३. पुढील बाब मी आजवर कोणासही सांगितलेली नाही. श्री. अनिकेत यांनाही नाही. अर्जात सर्व खरे लिहावे लागते म्हणून येथे लिहिते. हे काम निघाले त्याचे कारण असे की, दि. १० नोव्हेंबर रोजी माझ्या डोहाळजेवणाच्या दिवशी मधल्या खोलीच्या छताचा पोळपाटाएवढा तुकडा पडला. पाळणा तेव्हा माळ्यावरून काढून, पुसून, कडीखाली जमिनीवर ठेवला होता. त्यात ओटीचा नारळ होता. तुकडा पाळण्यात पडला. नारळ फुटला. त्या वेळी बायका समोरच्या खोलीत होत्या, कोणास इजा झाली नाही. सगळे म्हणाले जुना स्लॅब आहे, एवढे व्हायचेच. पण त्याच दिवशी सकाळी, सगळे आंघोळी-पांघोळीत असताना, मी पाणी प्यायला उठले होते. सासरे मधल्या खोलीत स्टुलावर उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी पाळण्याची कडी धरली, पाय उचलले, आणि तिला लोंबकळले. मग हळूच एक झोका घेतला. मग दुसरा. कडी भार घेते की नाही ते पाहत होते. तोंडाने मोजत होते. चेहरा असा होता की मी आवाज न करता मागे फिरले. मी पाहिले हे त्यांना ठाऊक नाही.

तुकडा दुपारी पडला. तो त्यांनी उचलून कपाटावर ठेवला आहे, अजून टाकू दिलेला नाही. त्या दिवसापासून ते काय ऐकत आहेत, ते मला काल समजले. छताचा आवाज ते ऐकत नाहीत. आपल्या हाताने काय झाले असते, ते ऐकत आहेत. हे मी त्यांना सांगू शकत नाही. सांगितले तर मी पाहिल्याचे सांगावे लागेल, आणि सासरा-सून यांच्यात अशी गोष्ट बोलायची आमच्यात रीत नाही. सासूबाई सांगू शकत नाहीत, त्यांना ठाऊक नाही. मिस्त्री सांगून थकले. कागद चालत नाही. आता एक खुर्ची तेवढी उरली आहे.

१४. सबब विषय दुरुस्त करून पुढीलप्रमाणे वाचावा, ही विनंती: "अर्जदाराच्या घरी मधल्या खोलीतील छताखाली प्रत्यक्ष पाठ टेकणेबाबत." किती दिवस लागतात हे आता विचारत नाही. एकतीस लागतात.

१५. आपला कळंबकडे कधी दौरा असल्यास वाटेत आमच्या घरी दहा मिनिटे थांबावे. गावातल्या चिंतामणी गणपतीचे दर्शनही होईल. सकाळी साडेदहानंतर आल्यास सासरे जागेवर असतील. त्यांना आगाऊ कळवू नये. कळवल्यास ते फाइल तयार करत बसतील. पादत्राणे बाहेर काढावीत, चटई मोठी आहे. आपल्याला पाहून ते धडपडून उठू लागतील, तेव्हा हाताने खुणावून "असू द्या, असू द्या" म्हणावे व त्यांच्या शेजारी, कडीच्या खाली, उताणे व्हावे. तपासणी, चौकोन, वही यांबद्दल काही विचारण्याची गरज नाही. सासूबाई चहा विचारतील, तो उठल्यावर घेतो म्हणावे. दोघांनी काही वेळ वर पाहावे. काही पडणार नाही. धावजीभाऊंचा हात चांगला आहे. तशातही आपणांस भीती वाटल्यास आपल्या बाजूला मी झोपायला तयार आहे, परंतु माझ्या झोपण्याने सासऱ्यांची खात्री होणार नाही, ते लगेच छत्री आणतील.

मग आपण उठावे. या अर्जातली खरी विनंती एवढीच आहे. तेहतीस वर्षांच्या सेवेत साहेब उठण्याआधी माझे सासरे एकदाही उठलेले नाहीत, आणि साहेब उठल्यावर एकदाही बसून राहिलेले नाहीत. आपण उठलात की ते उठतील. त्यांना त्या वेळी कळणारही नाही. उठताना जमल्यास त्यांच्या पाठीवर हात ठेवून "पहूरकर, झालं हो काम" एवढे म्हणावे. नाही जमले तरी चालेल.

आपण येणार तो दिवस कार्यालयातील कोणी मला फोनने कळवल्यास मी मुलीला घेऊन दाराशी थांबेन. श्री. अनिकेत रजा टाकतील. चटई रिकामी झाली की सासरे पुन्हा बसण्याच्या आत मी मुलीला तिच्यावर ठेवीन. तिचे वडील तेथेच तिच्यासमोर बसतील. ती त्यांना पाहून रडेल. तिला रडू द्यावे, कोणी उचलू नये. संध्याकाळपर्यंत वेळ आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ते घरातच असतील.

पाळण्याकडे एक कान ठेवून,
आपली नम्र,

(सौ. प्रेरणा अनिकेत पहूरकर)
घाटंजी, दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत:
१) नोंदवही भाग तीन, पहिली दोन पाने (झेरॉक्स). पुढच्या पानांवरील मजकूर तोच आहे.
२) मधल्या खोलीच्या छताचे छायाचित्र. पाय सासऱ्यांचे.
३) मुलीचे छायाचित्र. केवळ माहितीसाठी.